रेयॉनची दोरी

काशेळीच्या पुलाअलीकडे ट्रकांची रांग लागली की रिक्षावाला मुकाट्याने इंजिन बंद करतो आणि ओहोटीच्या चिखलाचा वास आत येतो. आधी डिझेल, मग भिजलेल्या पुठ्ठ्यांचा कुबट दर्प, आणि त्यांच्या तळाशी तो जुना, खारट, किंचित कुजका वास. काल्हेरची शेतं गोदामांच्या पत्र्याखाली गेली, पण खाडीच्या वासाने पत्ता बदललेला नाही. परवा तिथेच अर्धा तास अडकलो होतो. गुडघे ठणकत होते, आणि घरी पोचायचीही फारशी घाई नव्हती. पूर्वी थकायला काही काम करावं लागे. आता नुसतं बसूनही जमतं. त्या वासाने मला उचलून नेलं ते सत्तरच्या दशकातल्या एका शुक्रवारी. तेव्हा मी भिवंडीतला सर्वांत जाणता मासेमार होतो. जन्मात एकही मासा पकडला नव्हता, एवढंच.

मी एका कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करणारा. शेजारचा कारखाना माझ्या मित्राच्या मामूंचा, तो तिथेच कामाला. मित्र इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातला, माझ्याच वयाचा आणि माझ्याइतकाच दमलेला. बारा तासांची ड्युटी संपवून आम्ही चहाच्या टपरीवर बसायचो. कानांत लूमची खडखड इतकी भरलेली असायची की शेजारी बसूनही आम्ही ओरडूनच बोलायचो. त्यामुळे आमचा बेत साऱ्या मोहल्ल्याला तोंडपाठ होता: शुक्रवारी लूम बंद, सकाळी तळ्यावर गोड्या पाण्यातली मासेमारी, दुपारी त्याची नमाज झाली की सायकलींवरून राहनाळमार्गे काल्हेरची खाडी आणि खाऱ्या पाण्यातला जिताडा. एका दिवसात दोन्ही पाणी. या बेताला दोन वर्षं झाली होती.

एवढा वेळ का लागला, ते आता कबूल करायला हरकत नाही. मित्र कुवेतला जाणार होता. पासपोर्ट झाला होता, तिकडच्या चुलत्याचं पत्र आलं होतं. जायच्या आधी स्वतःच्या गळाला लागलेला जिताडा अम्मीच्या हातचा खायचा, अशी त्याने आण घेतली होती. मी मनात हिशेब मांडला की सहल बाकी आहे तोवर हा हलत नाही. म्हणून मी तयारी वाढवत नेली. कधी गळ बारीक निघे, कधी बांबू वाकडा. शेवटी जाहीर केलं की बाजारातल्या दोरीवर माझा भरवसा नाही, दोरी मी स्वतः वळणार. धाग्यातलं मला कोण शिकवणार! कारखान्यातल्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, उरलेला रेयॉन घेतला आणि रोज संध्याकाळी टपरीच्या खांबाला टोक बांधून बारा पदरांना पीळ देत बसलो. मित्र दुसरं टोक धरायचा.

"अरे यार," तो म्हणायचा, "तू जिताडा पकडणार आहेस का त्याच्या पोरीच्या लग्नाचा शालू विणतोयस?"

दोरी खरोखरच शालूसारखी झळकत होती. लूमचं लोखंडी वजन तिला रात्रभर टांगून ठेवलं, तरी तुटली नाही. मी कृतार्थ झालो. तेवढ्यात त्याचं जहाजाचं तिकीट आलं आणि हातात एकच शुक्रवार उरला.

सकाळी तळ्यातल्या माशांनी आमचे कणकेचे गोळे शिस्तीत खाल्ले आणि निघून गेले. दुपारी काल्हेरला एका आगरी शेतकऱ्याच्या होडीत बसलो. तिथी चवथ होती, दुपारची भरती चढत होती. म्हाताऱ्याने माझी दोरी दोन बोटांत धरून पाहिली.

"यो धागा पान्यान भिजवून बगितलास का रं?"

"काका, वीस लूम सांभाळतो मी."

"मना काय? तुला मासा इचारंल."

माशाने तासाभरात विचारलं. काठी एकदम वाकली, मित्र "या अल्ला" म्हणत उठला, होडी कलली. पाण्यातून एक रुंद, चंदेरी पाठ वर आली आणि माझी बारा पदरी दोरी उकडलेल्या शेवयांसारखी सुटी झाली. आवाजसुद्धा झाला नाही.

"गेला," म्हातारा म्हणाला. "आता घरी जाऊन सांगंल, भिवंडीची मानसं जेवाया घालतान."

पावसाळ्यात कारखान्याचा पत्रा गळला की पहिल्यांदा तुटतो तो रेयॉनचा ताणा. ओला झाला की त्याच्यात जीव राहत नाही. हे कारखान्यात बोंबलून सांगणारा माणूस मीच. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना सांगितलं आणि स्वतः तोच धागा खाडीत सोडला. मित्र पोट धरून हसला, मग मीही हसलो. अम्मीच्या पातेल्यात त्या दिवशी बटाटे शिजले.

सोमवारी एस.टी. स्टँडवर त्याला सोडायला गेलो. बस सुटताना त्याने खिडकीतून कागदाची पुडी माझ्या हातात कोंबली. आत नायलॉनच्या दोरीचं नवं वेटोळं होतं.

"हे कधी आणलंस?"

"तू पीळ द्यायला बसलास ना, त्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो असतो तर तू रोज संध्याकाळी एवढा वेळ कशाला थांबला असतास?"

बस गेली. दोन वर्षं मी त्याला धरून ठेवतोय अशी माझी समजूत होती. दोरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, याचा विचारच केला नव्हता. तो तिकडेच रमला. अधूनमधून यायचा, बायकोमुलांसह, मोठमोठ्या बॅगा घेऊन. दर वेळी "पुढच्या शुक्रवारी नक्की" ठरायचं आणि त्याआधीच तो परतायचा. मग येणंही थांबलं.

"चाचा, सो गए क्या?" रिक्षावाल्याने इंजिन चालू केलं. रांग जरा पुढे सरकली होती. घरी आल्यावर मी कपाटाचा खण उघडून ते वेटोळं काढलं. पिवळं पडलंय, कडक झालंय. आता त्याला चार बोटांची बोईट मासळीसुद्धा पेलायची नाही. तसंच गुंडाळून परत ठेवून दिलं. अजून एकदाही पाण्यात भिजलेलं नाही ते.