न थांबणारी चाल

रोह्याच्या शाळेत मी गणित शिकवते. गेल्या वर्षी डोक्यात एक खूळ शिरलं: आपण फक्त नियम लिहायचे आणि त्यावरून कॉम्प्युटरने गाण्याची नवी चाल रचायची. पण प्रोग्राम कशात लिहायचा? पायथन मला येत होतं. दुसरं एक सॉफ्टवेअर खास संगीतासाठीच होतं, पण मला नवं. महिनाभर माझं काही ठरेना.

सुट्टीत लॅपटॉप घेऊन कासूला काकूकडे गेले. काकू सत्तरीची, पण गौरीच्या नाचात अजून पुढे. पायथनने रचलेली चाल लावली, तशी ती ओटीवर नाचायलाच लागली. मी ठेका बदलायला गेले आणि गाणं बंद पडलं. काकूचा पाय हवेतच.

"मधीच का थांबवलंस गो?"

"काही बदललं की पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं, काकू."

"मग नको ह्ये. न थांबणारं हाय का नाय?"

होतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चाल वाजत असतानाच आकडे बदलता येत होते. मी चार ओळी लिहिल्या. सहाचा ठेका पाचाचा केला, काकूने गिरकी घेतली. साताचा केला, तिने टाळीची जागा बदलली आणि खो खो हसत ओरडली, "आजून वाढव!" हसण्याच्या भरात माझ्याकडून भलताच आकडा पडला. त्यातून असे काही वेडे सूर निघाले, की काकूने शेजारणींना हाका मारल्या आणि त्यांनीही येऊन फेर धरला.

"ठरलं!" मी ओरडले, आणि लॅपटॉप तसाच वाजता ठेवून त्यांच्या फेरात शिरले.