तुरटीला चिकटलेला कापूस

कुशाबा न्हाव्याची रीत जरा उफराटी होती. बाकीचे न्हावी दाढी झाल्यावर तुरटी फिरवतात, हा बाबा आधी फिरवायचा. लालबागच्या एका चाळीत जिन्याखाली त्याची खुर्ची, समोर आरसा, फळीवर पाण्याची वाटी आणि वाटीशेजारी साबणाच्या वडीएवढा तुरटीचा खडा. गिऱ्हाईक बसलं की खडा पाण्यात बुडवायचा आणि गालावरून, हनुवटीखालून, कानामागून सावकाश ओढायचा. नवा माणूस वैतागायचा, की मामा, अजून कापलंय कुठं? पण कारण साधं होतं. गिऱ्हाइकं सगळी गिरणीतली. पाळी सुटून आली की दाढीत, भुवयांत, कानाच्या पाळीमागं कापसाची तुसं अडकलेली असायची, आणि त्यावरच साबण लावला की नुसता लगदा व्हायचा. ओली तुरटी ती तुसं अलगद उचलून घ्यायची आणि कातडीही आवळून धरायची. मग खडा धुतला की वस्तरा हातात.

संप सुरू झाला आणि तुरटी स्वच्छ निघायला लागली. पहिले काही दिवस कुशाबाला त्याची गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली. बाकावर माणसं नुसती बसून राहायची, एकच पेपर सगळे मिळून वाचायचे. कोणी गावाकडं गेलं, कोणी फुटपाथवर कांदे-बटाटे घेऊन बसलं. गणपती झाले तरी काही मिटेना. त्यातच कुजबुज सुरू झाली, की काहीजण मागच्या दारानं गिरणीत कामाला जातात. शेजारच्या चाळीतल्या एकाला पोरांनी पकडलं, तोंडाला डांबर फासलं आणि हात असा पिरगाळला, की तो हात पुन्हा धड कामाला आलाच नाही. हे ऐकल्यापासून संपाचा विषय निघाला की कुशाबा दुसरंच काही बोलायचा. दोन्ही बाजूंची माणसं त्याच्याच खुर्चीत मान मागं टाकून बसत होती ना!

त्या रविवारी धर्मा आला. धर्मा वरच्या मजल्यावरचा, गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातला. त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची दाढी कुशाबानंच केली होती. दादरच्या भाजी मंडईत ओझी उचलतो, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि त्याची बायको शेवंताही नळावर तेच सांगायची. बाकावर त्याच्यामागचा नंबर भिवाचा होता. हा भिवा संपाच्या कमिटीतला. मनानं वाईट नव्हता, पण पोटात आग असली की माणूस जसा होतो, तसा झाला होता.

कुशाबानं तुरटी भिजवली, धर्माच्या गालावरून ओढली, कानामागून फिरवली आणि सवयीनं खड्याकडं पाहिलं. खड्यावर पांढरी तुसं होती.

मंडईत कापूस कुठला? कुशाबानं खडा वाटीआड सरकवला, आपण काही पाहिलंच नाही असं दाखवलं आणि भराभर फेस करायला घेतला. आरशात धर्माकडं बघायचीही त्याला भीती वाटत होती. उजवा गाल झाला, आणि तेव्हा त्याला दिसलं, की उजव्या कानाच्या वळीत कापसाचा एक पुंजका तसाच राहिला आहे. साबणानं ओला होऊन तिथंच बसलेला. वाळला की लांबूनही दिसला असता.

नेमका तेव्हाच भिवा उठला. आरशात बघून भांग पाडायची त्याची जुनी खोड. खिशातून कंगवा काढत तो खुर्चीच्या उजव्या अंगाला आला, वाकला, आणि म्हणाला, "काय रे धर्मा, कानात काय..."

पुढचं वाक्य पुरं झालं नाही. कुशाबानं कानाच्या पाळीखाली वस्तऱ्याचं टोक ओढलं.

रक्त भळाभळा आलं. धर्मा ओरडला, बाक रिकामा झाला, भिवा दोन पावलं मागं सरला. कुशाबानं ओला पंचा कानावर दाबला, कान, मान, मानेमागचे केस सगळं खसाखसा पुसून काढलं. वर तुरटी चोळली. खडा लाल झाला, तो त्यानं वाटीत टाकला आणि पाणी मोरीत ओतलं. म्हातारा झालास कुशाबा, चष्मा घे, असं भिवा हसत म्हणाला आणि हातातल्या कंगव्यानं भांग पाडून मोकळा झाला. इतक्या वर्षांत कुशाबाच्या हातून कोणाला साधं खरचटलं नव्हतं. ती अब्रू त्या दिवशी गेली, पण तिचं त्याला काहीच वाटलं नाही.

वाटलं ते वेगळंच. डावा गाल बाकी होता, तो करताना त्यानं आरशात पाहिलं, तर धर्माचे डोळे त्याच्यावरच खिळलेले. चेहरा पार पांढरा पडलेला. नंतर तो जिना चढून गेला आणि पुढं कितीतरी वर्षं त्या खुर्चीत बसला नाही.

कुशाबाची झोप उडाली. धर्मा अजून आत जातो का, पकडला तर जाणार नाही? शेवंता नळावर दिसली की तो तिच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा. विचारायची सोय नव्हती, कारण विचारणं म्हणजे आपल्याला ठाऊक आहे असं कबूल करणं. पुढं एकदा दादरला त्यानं धर्माला खरोखरच डोक्यावर फ्लॉवरची गोणी घेऊन जाताना पाहिलं, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

संप मिटला असं कधी कोणी सांगितलं नाही, तो विरतच गेला. गिरणीचं दार किलकिलं झालं तेव्हा संप चालू असताना आत काम करत राहिलेल्यांना आधी घेतलं. धर्मा बाहेरच राहिला. चाळीतली खोली विकून तो शीवच्या पुढं कुठंतरी राहायला गेला.

बऱ्याच वर्षांनी तो आला. केस पिकलेले, अंगात माटुंग्याच्या कुठल्याशा बिल्डिंगच्या वॉचमनचा खाकी शर्ट. खुर्चीत बसला. कुशाबानं सवयीनं आधी तुरटीच उचलली. कानाखालची खूण अजून होती, तिथं आल्यावर त्याचा हात थबकला.

धर्मा आरशात बघत बोलला, "तू तेव्हा मला ताकीद दिलीस. दुसऱ्या दिवसापासून मी आत गेलो नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला हा गळ्यावरच ओढील, नाहीतर भिवाला सांगेल."

कुशाबानं तुरटी फळीवर ठेवली. गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. पण एवढी वर्षं गप्प राहून काय मिळालं होतं?

"ताकीद नव्हती रे," तो म्हणाला. "तुझ्या कानात कापूस होता, भिवा बघत होता. तो पुसायला काहीतरी निमित्त हवं होतं. तू जात राहिला असतास, तर मी मरेपर्यंत कोणाला बोललो नसतो."

धर्माचा हात आपोआप कानाखालच्या खुणेकडं गेला.

"म्हणजे मी उगाच घाबरलो," तो म्हणाला.

मग त्यानं डोळे मिटले आणि मान मागं टाकली. कुशाबानं वस्तरा उचलला आणि त्या खुणेपाशी नेला. पण वस्तरा तसाच खाली ठेवून तो फळीला धरून उभा राहिला. धर्माची मान तशीच मागं टाकलेली होती, आणि तो वाट पाहत होता.