घोषालांच्या खिडकीतला फोटो

कालिंदीबाई ओगले भवानीपुरातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. जन्म कलकत्त्याचाच. वडील श्यामराव खांबेटे सर्व्हेच्या कचेरीत नकाशे काढायला होते. लग्न होऊन चार वर्षं होतात न होतात तोच नवरा विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं. बाई वडिलांकडे परत आल्या, शिकल्या, नोकरीला लागल्या. पुढे वडील गेले, बाईंना वाढवणारी आत्याही गेली. १९५२ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्या दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या.

सोबतीला भिंतीवर आईचा फोटो होता. नऊवारी नेसलेली, नाकात नथ, खुर्चीत जरा अवघडून बसलेली बाई, आणि तिच्या मांडीवर जरीची कुंची घातलेलं तान्हं मूल. आई गेली तेव्हा कालिंदी तीन वर्षांचीही नव्हती. जरा कळू लागल्यावर तिनं आत्याला विचारलं होतं, "माझी आई कशी होती गं?" आत्यानं तिला कडेवर घेऊन फोटोपाशी नेलं होतं. "ही बघ तुझी आई. आणि ही कुंचीतली तू." श्यामराव तिथेच बसले होते. काही न बोलता ते उठून आत गेले. त्यांना दुःख आवरत नाही, असंच मुलीनं धरलं.

तेव्हापासून रोज सकाळी त्या फोटोपुढे उदबत्ती लागली. परीक्षेला जाताना नमस्कार त्याला, नवरा गेल्यावर रडणं त्याच्यापुढे. नवराही म्हणायचा, "डोळे अगदी आईचे घेतलेस." आरशात बघताना त्या हटकून डोळ्यांकडे बघायच्या.

त्या वर्षी पावसाळ्यात दमट हवेनं फोटोला बुरशी धरली. काच काढून पुसायला गेल्या तर कसरही लागलेली. बाईच्या गालावरून एक पांढरी रेघ ओठांपर्यंत गेली होती. फोटोच्या जाड पुठ्ठ्यावर खाली छापलं होतं, 'घोषाल ब्रदर्स, बहूबाजार', आणि मागे शाईनं आकडा होता, ११४७. फोटो जिच्यावरून छापतात ती मूळ काच कुठे जपून ठेवली असेल तर नवी प्रत काढता येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं.

बहूबाजारात त्या जागी आता चष्म्यांचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, स्टुडिओ बंद होऊन वीस वर्षं झाली, घोषालांचे नातू बालीगंजला राहतात. रविवारी बाई बालीगंजला गेल्या. नातू, प्रबोध घोषाल, विमा कंपनीत होते. माणूस भला. चहा दिला आणि ओशाळून म्हणाले, "दीदी, काचा नाही राहिल्या. स्टुडिओ मोडला तेव्हा हजारो काचा होत्या. धुऊन खिडक्यांच्या तावदानांना गेल्या. वह्या तेवढ्या बाबांनी टाकू दिल्या नाहीत."

"मग वही तरी बघू," बाई म्हणाल्या. आईचं नाव कुठेतरी लिहिलेलं सापडलं, तरी पुष्कळ होतं.

प्रबोधबाबूंनी पलंगाखालून वह्या काढल्या. ११४७ सापडायला वेळ लागला नाही. इंग्रजीत लिहिलं होतं: मिसेस खांबेटे आणि मुलगा. एप्रिल १८९९.

"मुलगा नाही, मुलगी," कालिंदीबाई सहज म्हणाल्या. मग त्यांची नजर सालावर गेली. त्यांचा जन्म १९०३ चा. त्यांनी पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दुसरे कुणी खांबेटे असतील," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

प्रबोधबाबू पुढच्या वह्या चाळत राहिले. "आणखी एक नोंद आहे. मार्च १९०६. मिसेस खांबेटे आणि मुलगी. पण इथे काचेचा नंबरच नाही. 'न बसता परत गेल्या' असं लिहिलंय." त्यांनी अक्षर निरखलं. "हे निवारणबाबूंचं अक्षर. निवारण पाल. फोटोवरचे डाग, सुरकुत्या काढायचं काम करायचे. अजून आहेत ते, बराकपूरला."

पुढच्या रविवारी सियालदा स्टेशनात फलाटावर संसार मांडून बसलेल्या निर्वासितांमधून वाट काढत बाईंनी बराकपूरची गाडी गाठली. गाडीत त्यांनी स्वतःला बरंच समजावलं. नोंद चुकली असेल. कारकून माणूस, साल चुकीचं लिहिलं असेल. मुलगी-मुलगा तर कुंचीत कुणाला कळतो?

निवारणबाबू नदीकडेच्या एका बैठ्या घरात मुलीकडे राहत होते. पासष्टीचे असतील, एका डोळ्यात मोतीबिंदू. बाईंनी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीशी धरला, आणि बराच वेळ खाली केला नाही.

"तुम्ही खांबेटेबाबूंच्या कोण, मा?" त्यांनी विचारलं.

"मुलगी."

म्हाताऱ्यानं फोटो उपडा मांडीवर ठेवला. "म्हणजे त्या दिवशी आईचं बोट धरून आलेली ती तुम्ही."

मग ते सांगत गेले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे, नुकतेच कामाला लागलेले. खिडकीत लावायला चांगला फोटो शोध, असं मालकांनी सांगितलं होतं. खणात हा सापडला. नथ, नऊवारी, बंगाल्यांना अपूर्वाई वाटेल, म्हणून त्यांनीच तो खिडकीत लावला. "ही बाई आणि तिचं मूल प्लेगात गेलेत, हे मला तेव्हा कुठून ठाऊक असणार? आठवडाभरानं तुमची आई आली. बाकावर बसली. खिडकीतल्या फोटोकडे बघत राहिली. मोडक्या हिंदीत मला विचारलं, ही कोण? मी मागचा नंबर वहीत बघितला आणि तोऱ्यात सांगितलं, खांबेटेबाबूंची बायको आणि मुलगा."

त्यांनी मांडीवरचा फोटो सरळ केला.

"मग मी वही पुढे ओढून तिचं नाव विचारलं. तिनं हळूच सांगितलं, मिसेस खांबेटे. मी लिहिलं. लिहून झालं आणि माझा हात थांबला, मा. आतून मालकांनी हाक मारली, या म्हणून. ती उभी राहिली आणि म्हणाली, 'नको.' एवढंच. तुम्ही रडायला लागलात, तुम्हाला आत जायचं होतं. तुम्हाला उचलून ती निघून गेली."

"आणि हा फोटो?"

"त्याच संध्याकाळी तुमचे वडील आले. रागावले नाहीत. खिडकीतला फोटो द्या म्हणाले. मीच कागदात गुंडाळून दिला."

त्याच वर्षी आश्विनात बाळंतपणात आई गेली होती. एवढं कालिंदीबाईंना आत्याकडून ठाऊक होतं. आईनं नवऱ्याला त्या रात्री काय विचारलं असेल, की काहीच विचारलं नसेल? आपण बिजवराला दिलेलो, हे तिला माहीत असणारच. पण त्या पहिलीच्या मांडीवर मुलगा होता, हे?

"बाबू," त्यांनी विचारलं, "ती दिसायला कशी होती?"

म्हाताऱ्याला खोटं सांगणं अवघड नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे चेहरे साजरेच केले होते.

"मी मान वर केली नाही, मा," ते म्हणाले. "लाज वाटली. चेहरा मी पाहिलाच नाही. आवाज तेवढा आठवतो."

बराकपूरच्या फलाटावर कालिंदीबाईंनी दोन गाड्या जाऊ दिल्या. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी ज्या बाईपुढे उदबत्ती लावली, तिला पाहूनच आपली आई बाकावरून उठली होती. तिच्या डोळ्यांत आपण आपले डोळे शोधत बसलो. पदर तोंडावर घेऊन त्या रडल्या. शेजारी बसलेल्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही त्यांना दिसला नाही.

फोटो त्यांनी काढून टाकला नाही. त्या दोघांना तरी दुसरं कोण होतं? पण उदबत्ती बंद झाली. कुणी विचारलं तर सांगायच्या, "ती माझ्या वडिलांची पहिली बायको आणि तो माझा भाऊ." तिचं नाव मात्र त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनी चिपळूणला आईच्या माहेरी पत्र टाकलं. तिथे कधीच जाणं-येणं नव्हतं. दोन महिन्यांनी श्रीकांत नावाच्या कुणा मामेभावाचं कार्ड आलं. घरात फोटो नाही, त्या काळी काढायची पद्धत नव्हती. एक चुलत आजी तेवढी हयात आहे. तिला विचारलं. ती म्हणाली, शारदा ना, कलकत्त्याला दिलेली? चांगली उंच होती, शिंक्यावरचं भांडं हात वर करून काढायची. बाकी काही आठवत नाही.

कालिंदीबाई बुटक्या होत्या, श्यामरावांसारख्या. कार्ड हातात धरून त्या दारातच उभ्या राहिल्या. मग शाळेची वेळ झाली म्हणून छत्री घेऊन निघाल्या.