रंगूबाईंनी राखून ठेवलेलं नाव

"वैनी, जीव असंपातूर घरी न्यायचा. दादाचा जीव घरच्या सोप्यात जाऊ दे, ह्या नळ्यांत नको."

"मशीन काढल्यावर वाटंत पेठनाक्यापातूर तरी टिकतील का भावजी?"

"डॉक्टर काय म्हनला?"

"परवा अंगठा हलला हुता."

"तुमास्नीच दिसतो त्यो."

विश्रामबागेतल्या त्या दवाखान्याच्या जिन्याखाली रंगूबाई आणि त्यांचा धाकटा दीर भाऊसो भांडत होते. भाऊसोच्या हातात घरी न्यायचा कागद आणि शाईची डबी. सही-अंगठा रंगूबाईंचा हवा होता. सुभेदार होऊन फौजेतून परतलेले त्यांचे मालक लालासाहेब उसाला पाणी पाजताना बांधावरच कोसळले, त्याला नऊ दिवस झाले होते. तेव्हापासून चटई, तांब्या आणि भाजल्या शेंगांची पुरचुंडी एवढाच रंगूबाईंचा संसार. आत अतिदक्षता विभागात सिस्टर पळाली की कोणत्या खाटेकडे, हे त्या पावलांवरून सांगत. बाकीचे नातेवाईक त्यांनाच विचारायला येत.

पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाली होती, "मावशी, नावानं हाक मारा."

रंगूबाई वाकून म्हणाल्या, "आवं."

"नावानं, मावशी."

"आवं, ऐकलं का?"

सिस्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि चादर नीट केली.

एकतीस वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांनी एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. रेशनच्या दुकानातही नाव सांगायला पोराला पुढं करायच्या.

"घ्या की मग नाव," भाऊसो म्हणाला. "नऊ दिस आवं आवं लावलंय. कोन आवं, त्याला तरी कळाय नको?"

"तुमच्याच आईनं सांगितलंय. बायकूनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं."

"घटाय ऱ्हायलंय काय आता?"

रंगूबाईंनी पदर खोचला. मग हळूच म्हणाल्या, "आज घेते. हलले, तर घरी न्यायचं बोलायचं न्हाई."

"आन् न हलला तर?"

भेटीची चारची घंटा झाली. हिरवा डगला घालून त्या आत गेल्या. भाऊसोनं काचेला नाक लावलं. रंगूबाईंनी नवऱ्याचा अंगठा मुठीत धरला. पहिल्यांदा तोंडातून 'आवं'च आलं. दुसऱ्यांदा नाव निघालं. तिसऱ्यांदा त्यांनी पल्याडच्या शेतातल्या माणसाला घालावी तशी साद घातली, "लालासाहेब!"

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं डोळे उघडले. मशीनचा सुस्कारा तसाच चालू राहिला. सिस्टरनं आज काही लिहिलं नाही.

पाच मिनिटांनी रंगूबाई बाहेर आल्या. भाऊसो पुढं झाला.

"हलला का वैनी?"

त्यांनी त्याच्या हातातल्या कागदावर अंगठा उठवला, चटई गुंडाळून काखेत घेतली.

"वैनी? काय झालं सांगा तरी."

चपला तिथंच टाकून रंगूबाई फाटकाबाहेर पेठनाक्याच्या दिशेनं चालू लागल्या.