धारला झालेलं माझं श्राद्ध

माझं श्राद्ध झालं त्याला पन्नासच्या वर वर्षं उलटली. धारला, माझ्या सख्ख्या वडिलांनी घातलं. मी तेव्हा लढाईत पकडला जाऊन सरहद्दीपलीकडे कैदेत होतो, धडधाकट नसलो तरी जिवंत. घरी 'बेपत्ता' म्हणून तार आली आणि पुढे काही कळेना. शास्त्रात अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. पण आमचे वडील पडले जुने संस्थानी अधिकारी, तुंबलेलं काम त्यांना खपायचं नाही! लेकाचा जीव पाण्यावाचून तळमळत असेल म्हणून त्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळलासुद्धा. माझ्या बायकोचं कुंकू पुसलं आणि तिला माहेरी देवासला पाठवून दिलं.

तिकडे मला आधी एकट्यालाच कोठडीत डांबलं होतं. खिडकी नाही, दिवा नाही. दार उघडलं की मार, नाही उघडलं की भीती, आता विसरले वाटतं आपल्याला! मी भिंतीला टेकून बायकोशी बोलत बसायचो. मोठ्यानं. आवाज थांबला की आपण संपलो, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

सुटलो तो धारच्या वाटेवर सासर लागतं म्हणून आधी देवासला उतरलो. बसस्टँडवरचा ओळखीचा पानवाला ओरडला, "अरे भिया, तुम तो मर गए थे!" मला हसू आलं. सासरी ही दारात आली, कपाळ कोरं, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

सासऱ्यांनी आम्हा दोघांना धारला आणलं. तिथं गुरुजी म्हणाले, क्रियाकर्म झालेल्या माणसाला पुन्हा जन्म घ्यावा लागतो, त्याशिवाय घर नाही आणि बायकोही नाही. अंगाला तूप माखून अंधाऱ्या खोलीत मुठी मिटून बसायचं, गर्भात असल्यासारखं. तोंडातून शब्द काढायचा नाही. मग जातकर्म, बारसं, मुंज आणि शेवटी आपल्याच बायकोशी लग्न.

म्हटलं, एवढं भोगलं, त्यापुढे हे काय! बसलो. बाहेरून कडी लागली आणि माझे हातपाय गार पडले. आपण धारला आहोत हे मला कळत होतं, अंगाला कळत नव्हतं. ओरडलो तर बायको जाते, गप्प राहिलो तर मीच जातो. दात आवळून बराच वेळ काढला. शेवटी किंचाळलो, तिच्याच नावानं.

"मोडलं," बाहेर गुरुजी म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

"एवढं सोसलंस, आणखी थोडं सोस रे," वडील म्हणाले.

तेवढ्यात कडी निघाली. ही दार सताड उघडं टाकून आत आली आणि माझ्या शेजारी फतकल मारून बसली.

"सूनबाई, बाहेर ये!" वडील ओरडले.

माझ्या वडिलांपुढे तिनं कधी मान वर केली नव्हती. "मामंजी," ती म्हणाली, "तुम्ही ह्यांना एकट्यालाच जाळलं नव्हतंत. जन्म घ्यायचाच तर आम्ही दोघं घेऊ, आणि दार उघडं ठेवून घेऊ."

गुरुजींनी निर्णय वडिलांवर सोडला. शेवटी वडील मधतुपाची वाटी घेऊन आत आले. जातकर्मात बापानं लेकाला चाटवायचं असतं. त्यांनी बोट वाटीत बुडवलं, पण ते माझ्या तोंडापर्यंत नेईनात. हिनंच त्यांचं मनगट धरलं. मी तोंड उघडलं. माफ मात्र केलं नाही, अजूनही नाही.