नानांचं रिव्हॉल्व्हर आणि साहेबांचं अपग्रेड

तीन माणसं रोज एकाच गाडीत बसली आणि गाडीतला एफएम बंद पडलेला असला, की किस्से साचतात. कोणी ठरवून साठवत नाही. आमची गाडी एटीएममध्ये रोकड भरणारी. मी सुदाम, ड्रायव्हर. मशीन उघडून नोटा भरणारा देशपांडे. आणि आम्हा दोघांना सांभाळायला नाना, गनमन. आता तिघं तीन दिशांना आहोत, पण भेटलो की विषय एकच निघतो, नानांचं रिव्हॉल्व्हर. सुरुवात हसत होते. पुढं पुढं कोणी हसत नाही, तरी सांगायचं काही थांबत नाही!

*

नाना फौजेतून रिटायर झालेले. गाव खुलताबादच्या पलीकडं. आमच्या धंद्यात स्वतःचं लायसनवालं हत्यार असलं तर माणूस गनमन, नसलं तर हातात काठी आणि वॉचमन. म्हणून नानांनी रिटायरमेंटच्या पैशातून आधी रिव्हॉल्व्हर घेतलं. घराचं प्लास्टर राहून गेलं.

इंटरव्ह्यूला मॅनेजरसाहेबांनी लायसन बघितलं. रिव्हॉल्व्हर बघितलं, उलटंपालटं करून बघितलं. नाना कुठं होते, काय केलं, एक शब्द विचारला नाही. मान खाली ठेवूनच म्हणाले, "ओके. उद्यापासून जॉइन करा."

नाना म्हणाले, "साहेब, मी येऊ, का नुसतं हेच पाठवून देऊ?"

साहेबांच्या डोक्यावरून गेलं. म्हणाले, "नाही नाही, दोघं या!"

*

वाळूजला एकदा कंपन्यांची शिफ्ट सुटायची वेळ होती. देशपांडे आत मशीनपाशी, नाना दारात, मी स्टेअरिंगवर. एक मोटरसायकल, नंबरप्लेट नाही, वर दोघं. आमच्या गाडीभोवती एक चक्कर झाली, दुसरी झाली. तिसऱ्या चकरेला मोटरसायकल हळू झाली आणि मागच्यानं शर्टाखाली हात घातला.

नाना दोन पावलं पुढं गेले. कमरेच्या कव्हरचं बटन उघडलं, मुठीवर हात ठेवला आणि घरातल्या पोरांना सांगावं तसं म्हणाले, "चला, पुढं व्हा बरं."

पोरांनी त्या हाताकडं बघितलं आणि गेली. मला घाम फुटला होता. देशपांडे बाहेर आला आणि म्हणतो, "चहा घ्यायचा का?"

मी म्हटलं, "नाना, बाहेर का नाय काढलं?"

"मी काढलं असतं तर त्याला बी काढावं लागलं असतं," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मेमो. गाडी वाळूजला जास्त वेळ का थांबली? नानांनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "लुटलं का कोणी? नाही ना? गोळी चालली? नाही ना? म्हणजे काहीच झालं नाही. मग गाडी थांबलीच कशाला?"

*

निवडणूक लागली की लायसनवाल्यांना हत्यार पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं. आमच्यासारख्यांना सूट मिळते म्हणे, पण त्यासाठी ऑफिसनं वेळेत कागद द्यायला पाहिजे. आमच्या ऑफिसनं दिला नाही.

नाना रिव्हॉल्व्हर जमा करून आले. साहेब म्हणाले, "कमरेचं कव्हर काढू नका. लोकांना काय कळतंय आत काय आहे ते!"

रिकामं कव्हर लोंबायला लागलं म्हणून नानांनी त्यात छोटी बॅटरी खुपसली. देशपांडे म्हणाला, "नाना, कोणी आलंच तर?"

"तोंडावर उजेड मारीन," नाना म्हणाले, "नीट दिसंल तरी, कोण लुटतंय ते."

त्या महिन्याचा पगार हातात आला तर गनमनचा भत्ता कापलेला! कारण काय, तर हत्यार नव्हतं. नाना एवढंच म्हणाले, "पगार वॉचमनचा अन् मरायचं गनमनसारखं."

*

मग आलं ते अपग्रेड. साहेबांनी सगळ्या गनमनना बोलावलं. नव्या कॉन्ट्रॅक्टला पिस्तूल पाहिजे. रिव्हॉल्व्हर म्हणजे जुना जमाना. "अपग्रेड करा," साहेब म्हणाले, "नाहीतर कॉलनीच्या गेटवर काठी घेऊन बसायची तयारी ठेवा."

नानांपाशी दुसरं काही विकण्यासारखं नव्हतं. पिस्तूल घ्यायचं तर रिव्हॉल्व्हर द्यायचं.

कितीतरी दिवस गाडीत हाच विषय. देशपांडे म्हणायचा, विकून टाका. मी म्हणायचो, ठेवा, साहेब आज हे म्हणतोय, उद्या दुसरं म्हणंल. नाना दोघांचं ऐकायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. एकदा म्हणाले, "यानं मला कधी दगा दिला नाय."

देशपांडे बोलून गेला, "अहो नाना, तुम्ही ते कधी चालवलंच नाही! दगा देईल कसा?"

संध्याकाळ झाली. उतरताना नाना गाडीचं दार धरून म्हणाले, "कमरेला हे हाय म्हणून मी सरळ उभा राहतो, देशपांडे. चालवायची पाळी आली नाय, ती त्याच्यामुळंच."

घरी नानांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, वेगळाच विरोध. दसऱ्याला त्या रिव्हॉल्व्हरला हळदीकुंकू लावायच्या. म्हणाल्या, "इकलं अन् नवं यायला उशीर झाला, तर दसऱ्याला पुजू काय? लाटणं?"

शेवटी मीच विचारलं, "नाना, मन नाय तर कशाला इकता?"

"अरे सुदाम, गावातून गेलो ते फौजेत बंदूक धरायला," ते म्हणाले. "आता त्याच गावात काठी घेऊन जाऊ व्हय?"

*

हत्यारांच्या दुकानात मी बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "पॉलिश गेलंय हो याचं."

"माझ्या हातानं गेलंय," नाना म्हणाले. जसा काही त्यामुळं भाव वाढणार होता!

गिऱ्हाईक दुकानदारानंच आणलं. बिडकीनकडचा प्लॉटिंगवाला, पांढरी गाडी, पांढरे बूट, लायसन नवंकोरं. नाना त्याला समजावून सांगायला लागले. तेल कधी द्यायचं, कोणत्या कापडानं पुसायचं, पावसाळ्यात कसं ठेवायचं. तो रिव्हॉल्व्हर गालाला लावून मोबाइलवर फोटो काढत होता.

मधेच त्यानं विचारलं, "मामा, आतापर्यंत कितीजण उडवले यानं?"

"एक बी नाय."

त्याचं तोंड उतरलं. दुकानदाराकडं वळून म्हणाला, "मंग भाव जरा कमी करा की!"

आणि दुकानदारानं केला!

*

पुढचं काही फार हसण्यासारखं नाही. पिस्तूल लायसनवर चढवायला परवानगी लागते. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. तोवर नाना बिनहत्यारी, म्हणजे कॉलनीच्या गेटवर. हातात काठी. मी गाडी घेऊन तिथून जायचो तेव्हा हॉर्न वाजवायचो. आधी नाना हात करायचे. नंतर नंतर पाठ करून उभे राहायला लागले. मीही हॉर्न वाजवायचं सोडलं, दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो.

दसरा गेला. काकूंनी लाटणं काही पुजलं नाही. पाटावर फडकं अंथरलं, त्यावर काही न ठेवताच कुंकू वाहिलं. नाना त्या दिवशी जेवायच्या आधीच ड्युटीवर निघून गेले.

अखेर परवानगी आली. पिस्तूल आलं, काळंभोर. नाना कडक इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला गेले. साहेबांनी पिस्तूल हातात घेतलं, खूश झाले. "एक नंबर चीज आहे!" मग कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाले, "पिस्तूल बसतंय हो, पण तुमचं वय बसत नाही. क्लायंटनं नवीन नियम केलाय."

नानांनी पिस्तूल परत घेतलं. ते कव्हरमध्ये ठेवत म्हणाले, "मंग साहेब, आता मलाच इकून टाकतो अन् एखादा नवा माणूस घेतो."

साहेब म्हणाले, "बघा, बघा. घरात कोणी पोरगा असला तर पाठवा!"

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

एका सकाळी नानांचा फोन आला. "सुदाम, येतो का? ठाण्यात बोलावलंय." मी गेलो. आदल्या दुपारी एका लग्नाच्या वरातीत प्लॉटिंगवाल्यानं हवेत गोळी झाडायला रिव्हॉल्व्हर काढलं होतं. हवेत झाडलीच नाही, आधीच सुटली. बँडमधल्या ढोलवाल्याच्या पिंढरीला चाटून गेली. आणि सरकारी दप्तरात रिव्हॉल्व्हर अजून नानांच्याच नावावर! विक्रीचा कागद कुठंतरी अडकलेला.

फौजदाराच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत रिव्हॉल्व्हर पडलेलं. नळीवर गंज चढला होता. मुठीला कसलंतरी चकचकीत स्टिकर चिकटवलेलं.

"हे तुमचं का?" फौजदारानं विचारलं.

"व्हतं," नाना म्हणाले.

फौजदारानं पिशवी पुढं सरकवली, नंबर ताडून बघायला. नानांनी खिशातून रुमाल काढला. "साहेब, एकदा पुसू का?"

"ओ, हात लावू नका! पुरावा आहे तो!"

नानांनी रुमाल परत घडी घालून खिशात ठेवला.

मग दुकानदार आला, त्यानं विकल्याचं सगळं सांगितलं, आणि तासाभरात नानांचं नाव त्यातून सुटलं. फौजदार म्हणाला, "जा तुम्ही." मी म्हटलं, "चला नाना, काकू वाट बघत असतील."

नाना उठले, पण बाहेर काही गेले नाहीत. व्हरांड्यात बाकड्यावर तो ढोलवाला जबाब द्यायला आला होता. चाळिशीचा माणूस, पिंढरीला पट्टी, पाय लांब करून बसलेला. नाना त्याच्या शेजारी जाऊन बसले. आधी त्याच्या पायाची विचारपूस केली, जखम किती खोल हाय, दवाखान्यात कोणी बरोबर होतं का. तो माणूस बिचारा भला होता, नीट उत्तरं देत होता.

मग नाना जरासे खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक इचारू का? गोळी सुटली तवा आवाज कसा आला व्हता?"

ढोलवाला आठवायला लागला. आठवून आठवून म्हणाला,

"काय की, काका. बँड लई जोरात चालू व्हता. आम्हाला काय ऐकूच नाय आलं."