पानाच्या तळाची बातमी

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. काष्टीत मी मास्तर होतो आणि हौसेने नगरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची... ऐट मात्र संपादकाची!

गावाबाहेर दुष्काळी काम चालू होतं. बाया उन्हात खडी फोडायच्या, आणि तान्ही पोरं तिथंच दगडांशेजारी फडक्यावर झोपलेली. त्यातली सखूबाई एकदा मला म्हणाली, "गुरुजी, आमचं ऱ्हाऊ द्या. पोरांपुरती सावली हुती का बगा. पेपरात लिवा की." तिचं पोर तापाने फणफणलं होतं.

मी जीव ओतून लिहिलं. संध्याकाळच्या गाडीने संपादकांची चिठ्ठी आली, 'उद्या पहिल्या पानावर अँकर घेतोय.' अँकर म्हणजे काय, देव जाणे... पण पहिलं पान! मी सखूबाईला छाती पुढे काढून सांगून आलो.

सकाळी स्टँडवर पेपर उघडला. वर ठळक मथळ्यात कुणा पुढाऱ्याचा दौरा, आणि माझी बातमी पार तळाला... पानाच्या पायाशी! असा संताप आला की विचारू नका. दोन दिवस सखूबाईला तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी राजीनामा खिशात घालून नगर गाठलं.

संपादक पोट धरून हसले. म्हणाले, "मास्तर, वरची जागा रोज कुणीतरी बळकावतं. तळाची ही रुंद जागा आम्ही राखून ठेवतो. वाचकानं थांबून वाचावं असं काही आलं तरच तिथं लावतो. त्यालाच अँकर म्हणतात."

राजीनामा खिशातच राहिला. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं होतं...

परतताना एसटीच्या खिडकीतून कामाकडे नजर गेली. चार बांबू, वर ताडपत्री... आणि खाली पोरं ओळीने झोपलेली. कंडक्टरला विनवून मी तिथंच उतरलो.

सखूबाई घाम पुसत पुढे आली. "कुटं गेल्ता गुरुजी तीन दिस? मोठं सायेब आलं हुतं, तुमचा पेपर हातात घिऊन."

तिचं पोर ताडपत्रीखाली गाढ झोपलं होतं. कपाळाला हात लावून पाहिला... ताप उतरला होता. माझे डोळे भरून आले, खरं सांगतो.

आता मी ऐंशीच्या घरात आहे. पेपर आला की आजही आधी खालची घडी उलगडतो. घरचे हसतात... हसू देत. मला तिथं अजून ते पोर सावलीत झोपलेलं दिसतं.